एका सतरंजीवर

घरी शिकणाऱ्या मुलांच्या ज्या बातम्या आपल्यापर्यंत पोचतात, त्या बहुतेक निकालाच्या असतात. २०१० साली दिल्लीचा सहल कौशिक चौदाव्या वर्षी आयआयटीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तो बरीच वर्षं घरीच शिकला होता, हे कळल्यावर त्याच्यावर लेख आले. २०१६ साली मुंबईच्या मालविका जोशीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये मिळवलेली पदकं तिच्या कामी आली. बारावी नाही म्हणून आयआयटीत मात्र तिला जाता आलं नव्हतं. दोन्ही गोष्टी कौतुकाच्या आहेत. पण त्या वाचून घरी शिकण्याविषयी आपल्याला फारसं काही कळत नाही. एखाद्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, खाली घंटागाडी वाजत असताना, गॅसवर दूध असताना आणि धाकटं कडेवरून उतरायला तयार नसताना त्या घरात शिकणं कसं चालतं? मला त्या साडेनऊविषयी लिहायचं आहे.

पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या घरी शिकणाऱ्या कुटुंबांशी या लेखासाठी बोलणं झालं. मुलांची नावं छापू नयेत, अशी पालकांची इच्छा होती आणि ती रास्त आहे. बोलताना एक अडचण वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू आली. दोन किंवा तीन मुलं असलेल्या घरात हळूहळू प्रत्येकाचा अभ्यास वेगळा होत जातो. बारा वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत लॅपटॉपवर बीजगणित सोडवत असतो, आठ वर्षांची मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईजवळ गुणाकार करते, चार वर्षांचा धाकटा त्या दोघांमध्ये फिरत कुणाची ना कुणाची वही फाडतो. आई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहते. शाळेत मुलं वयाप्रमाणे वेगळी बसवतात, हे ज्यांना पटलं नव्हतं, त्यांच्याच घरात दुपारपर्यंत तीन मुलं तीन कोपऱ्यांत तीन वह्यांपुढे एकेकटी बसलेली दिसतात. ठाण्याच्या एका आईने सांगितलं की जेवायला बसेपर्यंत भावाबहिणीने एकमेकांशी भांडण सोडून काही केलेलंच नसतं.

यावर या घरांनी जो उपाय काढला आहे तो दिसायला अगदी साधा आहे. दिवसातला एक छोटा, ठरलेला वेळ सगळ्यांनी मिळून घालवायचा. त्या वेळात गणित नाही, शुद्धलेखन नाही, परीक्षेच्या कामाचं काही नाही. एखादी कविता पाठ म्हणायची, एखादं चित्र बघायचं, थोडं गाणं ऐकायचं, एका पुस्तकाचं प्रकरण मोठ्याने वाचायचं. अमेरिकेतल्या घरी शिकवणाऱ्या आया याला ‘मॉर्निंग टाइम’ म्हणतात. नऊ मुलांच्या आई असलेल्या सिंडी रॉलिन्स यांनी आपल्या घरी वर्षानुवर्षं हा रिवाज पाळला, त्यावर पुस्तकं लिहिली आणि तिकडे तो रुळवला. लागणारी पुस्तकं-चित्रं एका टोपलीत ठेवायची, म्हणून काही घरांत ‘मॉर्निंग बास्केट’ हेच नाव पडलं. आपल्याकडे कुणी ‘बैठक’ म्हणतं, कुणी शाळेतल्यासारखं ‘परिपाठ’. नाशिकच्या एका घरात आजोबांनी जुन्या सवयीने ‘परवचा’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं, जरी ही परवचा दिवेलागणीला न होता सकाळी होत असली तरी.

या रिवाजाचं मूळ इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सापडतं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या शिक्षिकेने १८८६ साली घरच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं, पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये पालकांची एक संघटना उभी केली आणि १८९१ पासून टपालाने चालणारी शाळा सुरू केली. लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड गावाहून प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम घरोघरी जायचा. वेगवेगळ्या वयांची भावंडं, एका घरातली एकच खोली आणि शिकवायला आई किंवा एखादी गव्हर्नेस, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती. वाचन-गणित ज्याचं त्याने आपल्या गतीने करायचं, पण चित्रं, गाणी, गोष्टी, निसर्गाची वही यांना वयाची भिंत घालायचं कारण नव्हतं. मेसनबाईंच्या अभ्यासक्रमात एका सत्राला एकच चित्रकार असे आणि त्याची साधारण सहा चित्रं. धडे छोटे, लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे. आणि वाचून झालं की प्रश्नोत्तरं नाहीत. ऐकलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं.

मेसनबाईंच्या मृत्यूनंतर त्यांचं नाव काही दशकं मागे पडलं होतं. १९८४ साली सुझन शेफर मकॉले यांच्या पुस्तकामुळे ते अमेरिकेत पुन्हा चर्चेत आलं. तोवर तिथे घरी शिकवण्याची चळवळ जोर धरू लागली होती. ‘मुलं नापास का होतात’ याचा शोध १९६४ सालच्या पुस्तकात घेणाऱ्या जॉन होल्ट यांनी १९७७ पासून शाळेशिवाय वाढणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिक चालवलं होतं. होल्ट मुलाला मोकळं सोडा म्हणत होते, मेसनबाई रोजची शिस्त सांगत होत्या. दोन्ही विचार आज आपल्याकडच्या घरांत शेजारी शेजारी दिसतात आणि माझ्या मते सामाईक वेळ हा त्यांच्यातला सर्वांत चांगला सांधा आहे. दिवसाचा मोठा भाग मुलाचा स्वतःचा राहतो आणि त्याला एक खुंटा मिळतो.

आपल्या मातीत हे परकं अजिबात नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन भावंडांनी एका ओळीत बसून पाढे, पावकी-निमकी, श्लोक म्हणायचे ही परवचा कित्येक घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालत असे. तिच्यात घोकंपट्टी पुष्कळ होती आणि चुकलं तर मारही होता, हे विसरून चालणार नाही. त्याहून मोलाचा मला चातुर्मासातल्या पोथीचा रिवाज वाटतो. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, महिपतींचा ‘भक्तिविजय’; श्रावणात श्रीधरस्वामींचंच, १७१८ साली बारामतीत लिहून पूर्ण झालेलं ‘शिवलीलामृत’. वाचणारा एक आणि ऐकणारी सगळी आळी. वाती वळणाऱ्या आज्या, शेंगा सोलणाऱ्या सुना, मांडीवर पेंगणारी पोरं. कुणाच्या वयाला काय झेपेल याची वर्गवारी कुणी केलेली नसे. ज्याला जेवढं कळे तेवढं तो घेऊन जाई आणि पुढच्या वर्षी तीच पोथी लागली की थोडं जास्त कळे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत भाषा पोचली ती अशा ऐकण्यातून. वारकरी घरांतला हरिपाठ तर आजही असाच लहानथोर मिळून म्हणतात.

‘श्यामची आई’ची बांधणीही अशीच आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर एकेक आठवण सांगतो आणि पुस्तकाच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. ते पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा चार जणांनी मिळून ऐकावं, असं त्याच्या रचनेतच आहे.

आता सकाळच्या त्या वेळात नेमकं काय होतं ते पाहू, कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

पुण्यातल्या एका घरात नाश्त्याची ताटं उचलली की सतरंजी अंथरतात. सुरुवात पसायदानाने होते. नऊ ओव्या, सगळ्यांच्या तोंडपाठ. चार वर्षांचा धाकटाही आपल्या उच्चारांत ओढत नेतो. मग पंधरा दिवसांची ठरलेली कविता. ती घरात कुणीही कुणाला ‘पाठ कर’ म्हणत नाही. रोज एकदा सगळ्यांनी म्हणायची, एवढंच. आठवड्याच्या शेवटापर्यंत मोठ्यांच्या आधी लहान मुलांना ती येते. मग सोमवारी चित्र, मंगळवारी गाणं, बुधवारी नकाशा, गुरुवारी निसर्गाची वही असं आलटून पालटून. शेवटी रोज वाचन. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरुवात केली तेव्हा ही बैठक फक्त कविता आणि वाचन एवढीच होती. नव्याने सुरू करणाऱ्यांना या घरातली आई हाच सल्ला देते: दोन गोष्टी घ्या, पंधरा मिनिटांत उठा आणि महिनाभर तिसरी गोष्ट घालू नका.

चित्राच्या सोमवारी मी तिथे होते. त्या महिन्यात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची जलरंगातली चित्रं होती. सावंतवाडीत जन्मलेल्या या चित्रकाराचं सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे हातात दिवा धरून उभी असलेली स्त्री. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिवाळीत मुलगी गीता हिच्या हातातल्या दिव्याचा उजेड पाहून हळदणकरांना ते सुचलं, असं सांगतात. मॉडेल म्हणून तीच उभी राहिली. ती पुढे शंभरीपार जगली. हे सगळं आईने चित्र दाखवण्याआधी सांगितलं नाही. आधी छापील चित्र सगळ्यांच्या मधोमध ठेवलं, दोन-तीन मिनिटं गप्प बसून बघायला सांगितलं, मग ते उलटं करून ठेवलं. ‘आता डोळ्यांपुढे आणा आणि सांगा.’

सगळ्यांत लहानाला आधी बोलू दिलं. हा क्रम या घरांतला अलिखित नियम आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे, कारण मोठा आधी बोलला तर लहानासाठी काही उरत नाही. धाकटा म्हणाला, बाईचा हात लाल आहे. आठ वर्षांच्या बहिणीने दुरुस्ती केली, हात लाल नाही, बोटांच्या मधून उजेड येतोय म्हणून तसं दिसतं. बारा वर्षांच्या भावाने विचारलं, कागद ओला असताना हा उजेड राखला कसा? जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदाचाच पांढरेपणा सोडावा लागतो, हे त्याला माहीत होतं. म्हणजे चित्रकाराला ज्योत आणि बोटांच्या फटी आधीच ठरवून मोकळ्या ठेवाव्या लागल्या असतील. कुणी काही शिकवलं नव्हतं. तीन वयांनी एक चित्र तीन पातळ्यांवर पाहिलं होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं पाहणं ऐकू आलं होतं. एकट्याने लॅपटॉपवर कला इतिहासाचा व्हिडिओ पाहताना हे होत नाही. मग संध्याकाळी तिघांनी मेणबत्ती लावून स्वतःचे हात पाहिले, हे मला नंतर फोनवर कळलं.

गाण्याच्या बाबतीत आपल्याकडे मेसनबाईंची पद्धत जशीच्या तशी घेऊन उपयोग नाही. त्यांच्याकडे सत्राला एक संगीतकार असे. इथल्या काही घरांनी महिन्याला एक राग घेतला आहे आणि मला ते फार योग्य वाटतं. ठाण्याच्या घरात भूप आणि देसकार एकापाठोपाठ घेतले होते. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत नाहीत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि गंधारावर ठेहराव घेणारा. देसकार सकाळचा आणि धैवताकडे, वरच्या अंगाकडे ओढ असणारा. मुलांना हे शब्द ऐकवले नाहीत. किशोरी आमोणकरांचा भूप महिनाभर, मग देसकार. एका सकाळी आठ वर्षांच्या मुलीने विचारलं की हे तेच गाणं आहे ना, मग वेगळं का वाटतंय? तिथून शिकणं सुरू झालं. आषाढात मल्हाराचे प्रकार, असा ऋतूंशी जोडलेला क्रम आपल्या संगीतात आयताच तयार आहे.

निसर्गाच्या वहीसाठी जंगलात जावं लागत नाही. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना खात नाहीत. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. पुण्याच्या घरात आईने त्या कुंडीवर औषध मारायचं थांबवलं आहे आणि वरणाच्या फोडणीसाठी कढीपत्ता बाजारातून येतो. याच कुळातलं मोठं निळं-काळं फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन किंवा नीलवंत, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. ताम्हण, शेकरू, हरियाल ही बाकीची राज्यचिन्हं मुलांनी वहीत काढली आहेत, पण त्यांतलं डोळ्यांनी पाहिलेलं किती, याची वेगळी खूण केली आहे. पाहिलेलं आणि नुसतं वाचलेलं यांत फरक करायला शिकणं, ही मला त्या वहीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

आणि वाचन. या सगळ्या तासाचा कणा वाचन आहे. एकच पुस्तक चार वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला कसं चालेल, ही शंका सगळे घेतात. जिम ट्रिलीज यांनी मोठ्याने वाचून दाखवण्यावर लिहिलेलं पुस्तक पालकांमध्ये अजून वाचलं जातं. त्यांचं सांगणं असं की मूल स्वतः जे वाचू शकतं त्याच्या बरंच पुढचं ते ऐकून समजू शकतं, आणि हे अंतर साधारण आठवीच्या सुमाराला भरून येतं. म्हणून वाचून दाखवायचं पुस्तक मोठ्या मुलाच्या बेताचं घ्यावं आणि लहानाला त्याच्या बळावर सोडून द्यावं. लहानांच्या हातात काहीतरी द्यायचं: मणी ओवायला, शेंगा सोलायला, ठोकळे, रंगखडू. हात गुंतलेले असले की कान मोकळे राहतात, हे पोथी ऐकणाऱ्या बायकांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मराठीत वाचून दाखवण्याजोगी पुस्तकं भरपूर आहेत आणि नव्या पालकांना त्यांची यादी पाठ नसते, हे पाहून मला वाईट वाटतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आणि त्यांचे ज्यूल व्हर्नचे अनुवाद, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, शांता शेळके यांनी मराठीत आणलेल्या ‘चौघीजणी’, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे बाल आणि कुमार गटांचे भाग तर अशा वेळेसाठी हाताशी हवेतच, एका उताऱ्याला दहा मिनिटं पुरतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. त्यांतल्या गोष्टी, चित्रं आणि कोडी घेतली तर वर्षभराच्या सामाईक वेळाला पैसा लागत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण घरी शिकणं हा पैसेवाल्यांचा छंद आहे अशी समजूत पक्की होत चालली आहे.

वाचून झालं की ‘काय झालं सांग बरं’ एवढाच प्रश्न. इथे पालकांची कसोटी लागते. मुलाने चुकीचं सांगितलं, महत्त्वाचं सोडून भलतंच धरलं, तरी मध्ये बोलायचं नाही. नाशिकच्या घरातली मुलगी ‘एक होता कार्व्हर’च्या एका प्रकरणातून फक्त कार्व्हरच्या फुलांविषयी बोलत राहिली, गुलामगिरीचा उल्लेखही तिने केला नाही. आई गप्प राहिली. तीन दिवसांनी जेवताना मुलीने विचारलं, ‘आई, माणसाला विकत घेतलं तर त्याचा कागद करतात का?’ सांगण्याचा ताण नसला की मुलाच्या मनात गोष्ट आपल्या वेळेने मुरते. हा तास परीक्षेचा झाला, त्याच्यावर गुण किंवा चांदण्या आल्या, की त्याचा प्राण जातो. मी अशी दोन घरं पाहिली जिथे छंदवर्गांसारखे तक्ते भिंतीवर लागले होते. दोन्ही ठिकाणी मुलं बैठकीला टाळाटाळ करू लागली होती.

सर्वांत अवघड प्रश्न मोठ्या मुलांचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धाकट्यांबरोबर सतरंजीवर बसायचं नसतं. त्याला एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय मंडळाच्या, परीक्षेची तयारी करायची असते. त्या मंडळाच्या दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, त्यामुळे बाराव्या-तेराव्या वर्षापासून घरात परीक्षेचं वारं शिरतं. पालकांनाही वाटतं, आता कविता कशाला? माझं मत उलट आहे. हाच मुलगा दिवसभर एकटा पडद्यासमोर असतो. त्यालाच या तासाची सगळ्यांत जास्त गरज आहे. ज्या घरांत हे टिकलं, तिथे मोठ्याला काम दिलेलं दिसलं. ठाण्यात पंधरा वर्षांची बहीण वाचून दाखवते आणि आई भाजी निवडत ऐकते. दुसऱ्या घरात मोठा मुलगा आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातली एक बातमी निवडून आणतो आणि त्यावर वाद होतो. तो वाद कधीकधी दुपारपर्यंत चालतो, आणि त्याच्याशी वडीलही फोनवरून जोडले जातात.

वडिलांविषयी बोलायला हवं. बहुतेक घरांत हा तास आईच्या खांद्यावर आहे. नोकरी सोडलेली आई, स्वयंपाक, धाकटं, आणि त्यावर रोजची बैठक. ती आजारी पडली की सगळं थांबतं आणि थांबलं की तिला अपराधी वाटतं. हे बदललेलं मला नाशिकच्या त्या एका घरात दिसलं. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा शाळेतला परिपाठ आयुष्यभर घेत आले होते: प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, दिनविशेष, सुविचार, बोधकथा, दोन मिनिटं मौन. सूनबाईंनी त्यांना आठवड्यातले दोन दिवस दिले. त्यांनी बोधकथा काढून टाकली, कारण मुलं शेवटचं तात्पर्य आधीच ओळखत होती, आणि दिनविशेष ठेवला. एखाद्या दिवशी तारखेवरून गोष्ट निघते, नकाशा उघडला जातो, आजीला त्या वर्षीचं काहीतरी आठवतं. ‘अहो, तेव्हा आपण मनमाडला होतो’ असं ती आतून म्हणते आणि घरचा इतिहास जगाच्या इतिहासाला येऊन मिळतो. वडील रविवारी वाचतात. आई बुधवारी सुट्टी घेते. माझ्या मते वेळापत्रक करताना पहिला प्रश्न ‘काय वाचायचं’ हा नसावा. ‘कोण कुठल्या दिवशी’ हा असावा.

कायद्याचं थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो, पण न घालणाऱ्या पालकाला दंड सांगत नाही आणि घरी शिकण्याविषयी स्पष्ट काही म्हणत नाही. एनआयओएस आणि महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ यांच्यामुळे परीक्षेची वाट खुली आहे. पुण्या-मुंबईची कुटुंबं बराच काळ एकमेकांना धरून आहेत आणि ‘स्वशिक्षण’सारख्या संघटनेतून देशभरच्या पालकांशी जोडलेली आहेत.

अमेरिकेत हे चित्र मोठं आहे. तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होतं, त्याच वर्षीच्या शरदात ते ११.१ टक्क्यांवर गेलं. करोनाच्या त्या वर्षात काही मराठी घरंही त्यात होती. न्यू जर्सीतल्या एका आईशी बोलले. तिच्या मुली नंतर शाळेत परतल्या, पण सकाळचा अर्धा तास टिकला आणि आता तो शनिवारी असतो. त्या अर्ध्या तासात फक्त मराठी बोलायचं असा नियम आहे. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या शाळेत मुलींना मराठी वाचता येऊ लागलं होतं, तरी त्या मराठीत भांडत नव्हत्या, हसत नव्हत्या. फास्टर फेणे ऐकताना त्या पहिल्यांदा मराठीत हसल्या. मोठीने मग त्याच्यासारखं ‘ट्टॉक’ म्हणत घरभर फिरायला सुरुवात केली. भाषा घरात राहण्यासाठी तिच्यात काहीतरी घडावं लागतं, आणि ते घडायला कुणीतरी एकत्र बसावं लागतं.

शेवटी एक गोष्ट राहते. हा तास घरापुरता राहिला तर त्याचं बरंचसं मोल वाया जातं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने, पुण्याच्या अक्षरनंदनने, फलटणच्या कमला निंबकर बालभवनने शाळेच्या आतही मुलांना असं मोकळं, अर्थपूर्ण एकत्र बसणं देता येतं हे दाखवलं आहे. घरी शिकणारी कुटुंबं आणि शाळेत जाणारी मुलं यांच्यात भिंत नसावी. गावोगावी शासनमान्य ग्रंथालयं आहेत. सकाळी त्यांचे बालविभाग बंद असतात किंवा त्यांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडलेले असतात. आठवड्यातून एक सकाळ तो विभाग उघडा ठेवायला आणि एक सतरंजी घालायला अनुदान लागत नाही. पुण्यातल्या त्या आईने आपल्या भागातल्या ग्रंथपालांना तसं पत्र दिलं आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता, कुठल्याही शाळेची किंवा शाळेत न जाणारी मुलं, वयाची अट नाही, असं तिने लिहिलं आहे. ग्रंथपालांनी होकार दिला, पण एका अटीवर: पहिलं पुस्तक ते स्वतः वाचून दाखवणार. त्यांनी ताम्हनकरांचा ‘गोट्या’ निवडला आहे आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी ते सुरू होणार आहे.